डावा इंडिकेटर

९ नोव्हेंबर, रविवार

दाजी सकाळीच गाडी घेऊन आले. ताई आणि भाची आर्या सोबत. आईने पोहे टाकले तोवर मी टॉर्च घेऊन गाडीभोवती फिरलो. दाजी दारात चहा पीत, नेहमीसारखं, "काय आरटीओ साहेब, पास का नापास?"

या वेळचे बदल: मागची पायरी डावीकडून वाकली आहे (घोटीला भाताची पोती चढवताना). टपावरच्या कॅरिअरचा एक गज नवा, अजून रंग नाही. आणि पुढचा डावा इंडिकेटर. जुना फुटला म्हणून दाजींनी भंगारातून दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा आणून बसवला. उजवा साधा नारिंगी. हा गडद, तांबूस. उजव्याला उभ्या रेघा, याला आडव्या. दाजी म्हणाले जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. मला लांबूनच कळलं.

फोटो काढले. उन्हात, सावलीत, दिवा लावून.

ताई म्हणाली, "सुम्या, मुलगी बघायला जाशील तेव्हापण असाच टॉर्च घेऊन फिरशील का रे तिच्याभोवती?" आईला ठसका लागला. मी पण हसलो.

दाजींच्या जीपचं मॉडेल मी पूर्ण केलं तेव्हापासून आमचा नियम आहे. जे गाडीवर, ते मॉडेलवर. खऱ्या जीपला ओरखडा आला की माझ्या चोवीसपट लहान जीपलाही यायला हवा. दाजींना त्याचं कौतुक. काळ्या-पिवळ्या प्रवासी जीपा आता फार दिवसांच्या नाहीत, म्हणतात. माझी भंगारात जाईल, तुझी राहील.

१२ नोव्हेंबर, बुधवार

डावा इंडिकेटर झाला. पारदर्शक बॉलपेनच्या नळीचा तुकडा मेणबत्तीवर तापवून ओढला, पात्याने कापला, सुईने आडव्या रेघा मारल्या. रंग पहिल्यांदा फार पिवळा झाला. मग रक्तासारखा. शेवटी नारिंगी ग्लास कलरमध्ये सुईच्या टोकावर मावेल एवढाच लाल. जुळला. चिकटवताना श्वास धरून होतो. इन्स्टंट गोंदाची वाफ लागली की पारदर्शक प्लॅस्टिक पांढुरकं होतं. मागे अख्खी पुढची काच त्यात गेली होती.

जोगळेकर काकांचा फोन. रिटायर्ड इंजिनिअर, आमचा मॉडेलवाल्यांचा ग्रुप तेच चालवतात. १३ डिसेंबरला प्रदर्शन आहे, गंगापूर रोडला एका शाळेच्या हॉलमध्ये. माझी जीप मधल्या टेबलावर ठेवायची म्हणाले. मी म्हटलं, काका, बाकी सगळे बाहेरून किट मागवणारे, शिकलेले. माझं सगळं मी कामाला असतो त्या रेडियमच्या दुकानातल्या उरलेल्या तुकड्यांचं. तर म्हणाले, "म्हणूनच मधल्या टेबलावर."

कोणी इंग्रजीत विचारलं तर काय करायचं हे ठरवायला हवं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

ग्रुपवर जीपचे फोटो टाकले. नंबर प्लेटसकट. इतके लहान आकडे भिंगाखाली कापले होते, ते दिसायला नकोत का.

बऱ्याच जणांनी चांगलं म्हटलं. मग इंदिरानगरच्या एका इंजिनिअर साहेबांचा मेसेज: "काम छान, पण डाव्या इंडिकेटरचा रंग चुकलाय. अशाच गोष्टीत मार्क जातात."

कान गरम झाले. दुपारचं जेवण राहिलं. उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, शुद्धलेखन तपासून पाठवलं. "रंग चुकलेला नाही. मूळ गाडीवर डावा इंडिकेटर दुसऱ्या गाडीचा बसवलेला आहे. तो गडद आहे आणि त्याच्या रेघा आडव्या आहेत. सोबत मूळ गाडीचा व मॉडेलचा फोटो शेजारी शेजारी जोडत आहे."

जो. काकांनी खाली लिहिलं: "याला म्हणतात अचूकपणा!" इंजिनिअर साहेबांनी नुसता अंगठा दिला. दिवसभर हवेत होतो.

१६ नोव्हेंबर, रविवार

दाजी आले नाहीत. फोन केला तर ताईने उचलला. "गाडीचं काम निघालंय." काय काम? "असंच." मागे आर्या काहीतरी मोठ्याने बोलत होती, ताईने तिला गप्प केलं.

कॅरिअरचा गज मॉडेलवर बसवून टाकला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आजचं सगळं क्रमाने लिहितो.

दुपारी दुकानात पोपटराव आले. दाजींच्याच लाइनीतले, सिन्नर-घोटी. गाडीवरचं रेडियम निघालं म्हणून नवं लावायला आले होते. अक्षरं कापून होईपर्यंत मोबाइल बघत बसले आणि मग स्क्रीन माझ्यासमोर धरली. शुक्रवारी अंधार पडताना पांढुर्लीच्या अलीकडे एका म्हाताऱ्या सायकलवाल्याला कोणीतरी उडवलं. गाडी निघून गेली. म्हातारा नाशिकला सरकारी दवाखान्यात, मांडीचं हाड मोडलंय. रस्त्यावर सापडलेला तुकडा कोणीतरी तळहातावर घेऊन फोटो काढला होता आणि तो त्यांच्या ड्रायव्हरांच्या ग्रुपवर फिरत होता.

प्लॅस्टिकचा तुकडा. गडद, तांबूस. आडव्या रेघा.

पोपटराव म्हणाले, "आपल्या लाइनीतलाच आसंल कुणी तर सगळ्यांची बोंब हाय. पोलीस एकेक गाडी बघून राह्यले."

मी विचारलं, "हा तुकडा कशाचा?"

"इंडिकेटरचा. आता आसे हजार आसत्यात."

त्यांची अक्षरं तिरकी लागली. पुन्हा काढून लावली. शेठ बघत होते.

याच दुकानात दाजींनी मला आणून बसवलं होतं. दहावीला दोनदा आपटलो होतो, घरातून बाहेर पडत नव्हतो. शेठला म्हणाले, "पोरगा शिकला नाही, पण अक्षर चुकवत नाही." जीपच्या मागे पांढऱ्यात "आर्या" लिहिलंय, ते मी आयुष्यात कापलेलं पहिलं नाव.

१९ नोव्हेंबर, बुधवार

तो फोटो मी पोपटरावांकडून मागून घेतला. का मागितला असं त्यांनी विचारलं नाही.

मोठा करून पाहिला. ट्यूबखाली मॉडेल शेजारी धरलं. मग गच्चीवर उन्हात. उन्हात जरा वेगळा वाटला, पाच मिनिटं बरं वाटलं. मग ढग आला.

असे हजार असतील. पण हा रंग मी स्वतः कालवला आहे. किती लाल टाकायचा हे मला माहीत आहे.

ग्रुपवरचं माझं उत्तर डिलीट करायला गेलो. आता होत नाही म्हणे, वेळ गेली. माझ्यापुरतं पुसलं जातं, बाकी सगळ्यांच्या मोबाइलमध्ये राहतं.

दोन ग्रुप. एकात तुकडा, दुसऱ्यात माझी जीप. या लोकांना ते लोक माहीत नाहीत. दोन्ही फोटो पाहिलेला माणूस एकच.

आईला काही सांगितलेलं नाही. जेवत का नाहीस म्हणाली. पित्त म्हटलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

सिन्नरला गेलो, न सांगता. ताईने दार उघडलं आणि आधी माझ्या मागे पाहिलं, अजून कोणी आहे का ते.

गाडी घरामागे, ताडपत्रीखाली. दाजी म्हणाले, "अरे वा. ये ना. आधी चहा घे." साहेब म्हणाले नाहीत. मी टॉर्च नेला नव्हता तरी त्यांची नजर माझ्या हाताकडे.

ताडपत्री मीच वर केली. पुढचे दोन्ही इंडिकेटर नवे कोरे, दोन्ही सारखे. डाव्या मडगार्डला रंग. पिवळा जुळवलाय चांगला, पण कडेला काळ्यावर पिवळा फवारा गेला आहे, टेप नीट लावली नव्हती. थिनरचा वास अजून होता.

"पासिंग जवळ आलंय ना," दाजी म्हणाले. "म्हटलं करून घेऊ."

मी म्हटलं, "चांगलं केलं."

असं का म्हणालो माहीत नाही.

मग ते स्वतःच बोलले, ताडपत्री खाली ओढत, माझ्याकडे न बघता. "शुक्रवारी येताना बकरी आडवी आली. काळोख पडला होता. बकरीच असंल म्हटलं, कशाला थांबायचं." मी काही विचारलेलं नव्हतं.

आर्याने चित्र दाखवलं. तिच्या पपांची गाडी. दोन्ही दिवे तिने एकाच रंगाने रंगवलेत.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

ताई एकटी आली. आई अंगणवाडीत होती, ती वेळ बघूनच आली असणार. शोकेससमोर उभी राहिली. बराच वेळ मॉडेलकडे बघत होती.

"पोलीस येऊन गेले," म्हणाली. "गाडी बघितली, कागद बघितले. काही निघालं नाही."

मग मॉडेलकडे बोट दाखवलं.

"तुझ्या या गाडीलापण नवे इंडिकेटर लाव ना सुम्या."

"का?"

"का म्हणजे? नियम तुझाच आहे. जे गाडीवर, ते मॉडेलवर. आता गाडीवर नवे आहेत."

तिचं बरोबर आहे. नियमाप्रमाणे तिचं अगदी बरोबर आहे.

मी विचारलं, "बकरी होती का ताई?"

ती म्हणाली, "मी नव्हते गाडीत." मग पदराने शोकेसची काच पुसली. काच स्वच्छच होती. "परमिट गेलं तर आमचं काय होईल ते तुला माहीत आहे. मला दुसरं काही विचारू नको."

जाताना डोक्यावर टपली मारली, लहानपणीसारखी. जोरात लागली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

संध्याकाळी बसलो. पात्याचं टोक डाव्या इंडिकेटरखाली घातलं. जरा दाब दिला की निघेल. चिकटवताना जेवढा श्वास धरला होता तेवढाच धरला.

नाही काढला.

पातं बाजूला ठेवून नवे दोन बनवायला घेतले. साधे नारिंगी, उभ्या रेघांचे. हे सोपे आहेत, एका बैठकीत झाले. काडेपेटीच्या झाकणात ठेवले आहेत. लावायचे की नाही ते नंतर.

नियम ठरवला तेव्हा गाडी अशा कारणाने बदलेल असं कोणाच्या मनात होतं?

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

दवाखान्यात गेलो. कशाला गेलो ते विचारू नये. दुकानातून अर्धा दिवस मागितला, दात दुखतो म्हणून.

हाडांच्या वॉर्डात विचारत गेलो. पांढुर्लीकडचे सायकलवाले बाबा. सिस्टरने बोट केलं. नाव निवृत्ती बाबा. शाळेत शिपाई होते, आता रिटायर. पाय वजन लावून टांगलेला. मुलगी डबा आणायला खाली गेली होती.

"कोण रं तू?"

मी म्हटलं, "रेडियमवाला." दुसरं सुचलं नाही.

"मंग माझ्या सायकलीला लावायचं व्हतं ना मागं. लाल. म्हंजे दिसलो आस्तो." आणि हसले. दात कमी आहेत. हसताना पाय हलला, तेव्हा डोळे मिटून घेतले.

बसलो. पाणी दिलं. त्यांना बोलायचंच होतं, सगळ्यांना सांगून झालं असेल, तरी पुन्हा सांगितलं.

"थांबला व्हता तो. तेच्यासाठीच वाईट वाटतं. फुडं जाऊन थांबला. मागचे लाल दिवे दिसत व्हते मला. म्हनलं आला, उतरला. मी हात वर केला. तसाच उभा राह्यला इंजन चालू ठिऊन. आन् मंग गेला."

मी विचारलं, "गाडी कसली होती?"

"जीपच व्हती. मागं नाव व्हतं काईतरी. पांढरं. लय सुबक. चष्मा पडलेला माझा, वाचाया नाय आलं. इतकी वर्सं शाळंत फळे पुसले, अक्षर चांगलं का वाईट येवढं कळतं ना आपल्याला."

उठलो. जिन्यात बसलो थोडा वेळ. लोक वरून खाली जात होते, एक बाई म्हणाली, "बाजूला सरक दादा."

थांबले होते. म्हणजे बकरी नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

दाजी आले. नेहमीच्या वेळेला, नेहमीसारखा हॉर्न. गाडी धुतलेली. आर्या खाली उतरून आत पळाली. दाजी दारातून मोठ्याने, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असे: "चला आरटीओ साहेब! तपासणी करून टाका!"

आईने टॉर्च आणून माझ्या हातात दिला. तिला काय माहीत.

फिरलो. मागून सुरुवात केली. पायरी तशीच वाकलेली. "आर्या" चा काना वरून सुटत आला आहे, तो अंगठ्याने दाबला. मग उजवी बाजू. मग पुढे. दाजी माझ्याबरोबर फिरत होते, असं कधी करत नाहीत. डाव्या मडगार्डपाशी मी वाकलो आणि तसाच वाकून म्हणालो, "दाजी, तुम्ही थांबला होतात."

वर पाहिलं तर ते गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे.

"कोण म्हणालं?"

"ते बाबा."

"तू गेला होतास?" हळू आवाजात. "तुला कोणी सांगितलं होतं जायला?"

मग म्हणाले, "हात सुटेना स्टिअरिंगवरून. उतर, उतर म्हणत होतो स्वतःलाच. आरशात दिसत होता मला. हात वर केला त्याने. म्हटलं, जिवंत आहे. मागून दुसऱ्या गाडीचा लाइट आला. म्हटलं तो उचलेल." थांबले. "उचललंच ना त्यांनी."

"मग तुकडा..."

"तू तुझे इंडिकेटर लाव आधी," दाजी म्हणाले. आवाज वेगळाच. "मग मला शिकव."

आतून आर्या ओरडली, "मामा, गाडी पास झाली का?"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पोहे खा आधी, गार होतील."

दाजींनी खाल्ले नाहीत. उभ्यानेच पाणी प्याले.

३ डिसेंबर, बुधवार

जो. काकांनी प्रदर्शनाचं पोस्टर पाठवलं. माझी जीप अख्ख्या पोस्टरभर. पुढचा डावा कोपरा सर्वांत मोठा, कारण माझ्याच त्या फोटोतून कापला आहे. "प्रदर्शन" चा रफार चुकीच्या अक्षरावर. तेवढं कळवलं. दुसरा फोटो घ्या असंही म्हटलं.

"का रे? तोच तर त्याचा प्राण आहे. दोन इंडिकेटर दोन रंगांचे. लोक थांबून बघतील." आणि म्हणे कालपासून नाशिकभर फिरतंय.

रफार पण तसाच फिरतोय.

६ डिसेंबर, शनिवार

सकाळी आईबरोबर विहारात वंदनेला. मन लागलं नाही. दुपारी दुकान.

शेठनी पोस्टर प्रिंट काढून काचेवर लावलंय. मला न विचारता. "आपल्या दुकानचा पोरगा."

आणि पोपटराव आले. काही काम नव्हतं, चहाला थांबले. पोस्टरपुढे उभे राहिले. "आयला, ही तर विलासची गाडी! नंबरसुदिक! तू केली का? लयच हुबेहूब रे." नाक काचेला लागेपर्यंत जवळ गेले. मी कटरचं बटण दाबून ठेवलं होतं, कागद नुसताच पुढे जात होता.

"ह्यो दिवा आसा तांबडा काहून?"

मी म्हटलं, "रंग चुकला माझा."

"मंग दुरुस्त कर ना. येवढं केलं आन् तिथं घाण केली."

"हो."

पोपटराव चहा संपवून गेले. जाताना दाराशी पुन्हा एकदा वळून पोस्टरकडे पाहिलं. सहज पाहिलं की कसं, ते कळलं नाही.

रंग चुकला माझा. त्या दिवशी हेच कोणी म्हटलं तेव्हा दुपारचं जेवण गेलं नव्हतं. आज मीच म्हणालो. तोंडाला चव नाही.

८ डिसेंबर, सोमवार

दाजींना फोन. काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून घेतलं, तरी चुकत चुकत बोललो.

म्हटलं, दाजी, मी कोणाला काही सांगितलेलं नाही. सांगणार नाही असं पण म्हणत नाही. शनिवारी मॉडेल टेबलावर जाईल. जुनाच इंडिकेटर आहे त्याच्यावर. त्याच्या आधी तुम्ही एकदा त्या बाबांना भेटा. एवढंच.

"धमकी देतो का मला?"

"नाही."

"मग काय म्हणायचं याला?"

म्हटलं, "मी येतो तुमच्याबरोबर."

फोन ठेवला त्यांनी. थोड्या वेळाने ताईचा. म्हणाली, "तुला उचलून आणलं होतं रे त्यांनी घरातून. तू अंथरुणातून उठत नव्हतास." आणि तिनेही ठेवला.

खरं आहे ते. म्हणूनच तर.

१२ डिसेंबर, शुक्रवार

दुकानातून सुटून परस्पर दवाखान्यात. निवृत्ती बाबा मला बघून, "या रेडियमवाले." ऑपरेशन झालं, आत पट्टी टाकलीय. सोमवारी सोडतील म्हणे. मुलगी भेटली. रागीट आहे. बाबा बोलत असताना मधेच म्हणाली, "ह्यांला दया येते. मला तो मानूस घावला पायजे फक्त."

बाबा म्हणाले, "काल एकजण आलता. तुझ्यासारखाच. दारातच उभा राह्यला. हातात शहाळी व्हती. म्हनलं आत ये बाबा, कुनाकडं आला. तर तसाच गेला. शहाळी ठिऊन गेला दारात."

मी विचारलं, कसा होता दिसायला.

"उजेड मागं व्हता तेच्या. तोंड नाय दिसलं."

शहाळी खाटेखाली अजून होती. मुलीने फोडू दिली नाहीत. कोणाची ते कळल्याशिवाय नाही म्हणाली.

घरी येऊन खोका भरला. मॉडेलभोवती फोम. काडेपेटीचं झाकण दोऱ्याने बांधून शर्टाच्या खिशात. उद्या हॉलवर पोचल्यावरही लावता येतील, गोंद सोबत घेतला आहे. हे का लिहितोय माहीत नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

गाडीत बसून लिहितोय. मांडीवर खोका, खोक्यावर वही. अक्षर नीट येत नाही.

सकाळी रिक्षा बघायला बाहेर आलो तर दाजींची गाडी उभी. हॉर्न दिला नव्हता. किती वेळ उभे होते विचारलं नाही. दाढी केलेली, लग्नाला घालतात तो शर्ट. "बस," म्हणाले. आई म्हणाली, बरं झालं, खोका हिंदकळणार नाही.

द्वारका चौकातल्या खड्ड्यात इतकं हळू घातली की मागच्याने शिव्या दिल्या. तेव्हा म्हणाले, "निघालं नाही ना काही आतमधलं?" मी फोम उचलून पाहिलं. नाही. त्यांनीही वाकून पाहिलं. इंडिकेटर पाहिला. माझ्या खिशातलं काडेपेटीचं झाकण पाहिलं.

"चांगला रंग धरलास," म्हणाले. "असाच होता."

गंगापूर रोडकडे वळायला हवं होतं. नाही वळले. मी पण काही म्हणालो नाही.

दवाखान्याच्या फाटकासमोर गाडी कडेला घेतली. खाली उतरले. दार लावलं नाही. जाताना एकदा मागे जाऊन "आर्या" वरून हात फिरवलेला मला आरशात दिसला.

जो. काकांचा फोन येतोय. पुन्हा येतोय. टेबल रिकामं आहे म्हणे, कुठे आहेस.

इंजिन चालूच आहे. डावा इंडिकेटर पण, बंद करायचा राहिला त्यांचा. फाटकाच्या खांबावर उजेड पडतोय आणि जातोय.

दाजी फाटकातून आत गेले. पायऱ्यांपर्यंत गेले.

थांबलेत.